समुद्रकाठच्या हवाई तळावरच्या आठवणी: काही तपशिलांची कारणं हवी आहेत

जुनीपानं:

नमस्कार मंडळी. दुर्गम किनाऱ्यांवर आणि बेटांवर असलेल्या लष्करी हवाई तळांवर राहिलेल्या लोकांच्या आठवणींचं एक संकलन संपादनासाठी हातात आहे. देश वेगवेगळे, काळ वेगवेगळा, हुद्देही वेगवेगळे. तरी काही गोष्टी जवळजवळ प्रत्येक लेखात येतात आणि त्यांचं कारण कोणीच लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते उघड वाटतं. वाचकाला मात्र ते उघड नाही. तळटीपा नेमक्या द्यायच्या आहेत, म्हणून विचारतो.

विमान उतरलं की गोड्या पाण्याने धुणं हे सगळीकडे आहे, अगदी पाऊस पडून गेल्यावरसुद्धा. पावसाने मीठ निघून जात नाही का? दुपार झाली की धावपट्टीची दिशा बदलायची, आणि लख्ख ऊन असताना पंधरा मिनिटांत धुकं सगळं गिळायचं, हे दुसरं. पक्ष्यांवर पहारा देणारी माणसं भरती-ओहोटीचा तक्ता का बाळगायची? घरातल्या कपाटात दिवा कशासाठी जळता ठेवायचे? आणि इंधनाचं किंवा मालाचं जहाज समोर उभं आहे पण काहीच उतरत नाही, असे दिवस का यायचे?

ज्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहा. आकडे आणि पायऱ्या दिल्यात तर फार उपयोग होईल.

रिव्हेटवाला:

धुण्यापासून सुरुवात करतो, कारण अशा तळावरचा निम्मा दिवस त्यातच जातो.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. लाटा फुटल्या की त्यांचे सूक्ष्म तुषार हवेत जातात, पाणी उडतं आणि मीठ पत्र्यावर बसतं. मीठ नुसतं बसलं तर त्रास नाही, ते ओलं झालं की त्रास सुरू होतो. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. म्हणजे आपल्याला कोरडा दिसणारा पत्रा मिठाच्या दृष्टीने रात्रभर ओलाच असतो. हँगरमध्ये उभं केलं म्हणून विमान सुटलं, असं होत नाही ते यामुळेच.

आता पाऊस. वरून पंख आणि पाठ धुऊन निघते, खरं आहे. पण चाकांच्या खोबणी, फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) मागची पोकळी, पोटाखालचे सांधे, दारांच्या बिजागऱ्या इथे पाऊस पोचत नाही, आणि खारी हवा मात्र पोचते. वर रिमझिम असेल तर ती अपायच करते: मीठ विरघळतं, पण वाहून जात नाही, ते सांध्यात आणि स्क्रूच्या डोक्याभोवती मुरतं. तिथे पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकमेकांना टेकलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच, आणि तिच्यात झिजतो ॲल्युमिनियम. जुन्या हेलिकॉप्टरांच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या गिअरबॉक्सची अवस्था तर याहून वाईट.

म्हणून समुद्रावर ३,००० फुटांच्या खाली उडून आलेलं विमान उतरल्यावर गोड्या पाण्याने खळखळून घ्यायचं, असा नियम बऱ्याच दलांत आहे. काही तळांवर टॅक्सीवेवरच (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर) फवाऱ्यांची कमान असते, विमान तिच्यातून चालत जातं. साबणाची पूर्ण धुलाई वेगळी. ती ठरावीक दिवसांनी, आणि खाऱ्या पट्ट्यात हा अवधी आतल्या तळांपेक्षा बराच कमी ठेवतात.

पूर्ण धुलाईची पद्धत अशी. चाकांना ठोकळे, विमानाला अर्थिंग. ब्रेक थंड झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही, तापलेल्या चाकावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. वेग मोजणारी पिटो नळी, बाहेरच्या हवेचा दाब घेऊन उंची-वेग दाखवायला लागणारी स्टॅटिक छिद्रं, इंजिनाची तोंडं, व्हेंट यांवर झाकणं. रणरणत्या उन्हात धुवायचं नाही, कारण साबण पत्र्यावर वाळतो आणि मग तोच काढत बसावं लागतं. साधारणपणे एक भाग साबणद्रव आणि नऊ भाग पाणी, मळ कमी असेल तर आणखी पातळ. साबण लावायचा खालून वर. वरून सुरुवात केली तर ओघळांचे पट्टे खालच्या मळावर उमटतात आणि ते निघता निघत नाहीत. पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचा, वाळू द्यायचा नाही, आणि गोडं पाणी मारायचं ते वरून खाली. बेअरिंग, सील आणि बिजागरीवर पाण्याचा झोत सरळ धरायचा नाही.

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक छत, शेवटी आणि हातानेच. आधी नुसतं पाणी ओतून मिठाचे कण वाहवून टाकायचे. हातातली अंगठी काढायची. मऊ सुती कापड पुढून मागे सरळ रेषेत न्यायचं, गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडे उन्हात चमकतात आणि सूर्य समोर असला की वैमानिकाला त्यातून दुसरं विमान दिसत नाही.

धुतल्यावरचं काम जास्त महत्त्वाचं आणि हुकतं तेच. पोटाखालच्या निचऱ्याच्या छिद्रांतून पाणी ठिबकतंय का ते बोटाने चाचपायचं. एखादं छिद्र कोरडं असेल तर ते बुजलंय आणि आत पाणी साचलंय. लँडिंग गिअरचा चकचकीत दांडा हायड्रॉलिक तेलाने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर मिठाचा कण सील कापतो. ग्रीसिंगच्या प्रत्येक जागी जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, कारण धुलाईत ग्रीसही जातं. मग बिजागऱ्यांवर गंजरोधक द्रवाचा हात.

आणि झाकणं मोजून काढायची. लावताना मोजली तेवढीच निघाली पाहिजेत, आणि तशी नोंद झाल्याशिवाय सही नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये लिमाहून रात्री निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ पॅसिफिकमध्ये कोसळलं आणि ७० माणसं गेली. सफाईच्या वेळी स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. ते नागरी विमान होतं, पण हा धडा विमान धुणाऱ्या प्रत्येक माणसासाठी आहे. म्हणूनच झाकणं लाल आणि लांब पट्टीची असतात, आणि पत्र्याच्या रंगाची टेप वापरायला मनाई असते.

इंजिनाचं वेगळं. समुद्रावर खाली घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर स्वतःच्या पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडवतं आणि तेच खातं. कॉम्प्रेसरच्या (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर मिठाचा थर बसला की हवा कमी जाते, तेवढ्याच ताकदीला इंधन जास्त लागतं आणि टर्बाइनचं तापमान चढतं. रोजच्या नोंदीत हे तापमान हळूहळू वर सरकताना दिसलं तर आधी मीठ आठवायचं. उपाय असा: इंजिन थंड होऊ द्यायचं, इग्निशन बंद ठेवून फक्त स्टार्टरवर फिरवायचं आणि तोंडातून क्षारविरहित पाणी फवारायचं. स्टार्टरला ठरलेल्या सेकंदांपलीकडे चालवायचं नाही, मध्ये विश्रांती द्यायची. पाणी निथळलं की काही मिनिटं इंजिन चालवून आतून वाळवायचं. हे टाळलं तर मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं, आणि साधारण ६५० ते ९५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ते टर्बाइनची पाती खातं. ते नुकसान धुऊन निघत नाही.

एक राहिलं. तळावरची विहीर किंवा बोअर किनाऱ्याजवळ असेल तर तिचं पाणीच मचूळ असू शकतं. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड आहे. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ शिंपडणं.

पिटो_स्टॅटिक:

रिव्हेटवाल्यांनी मिठाचं सांगितलं ते चोख आहे. दमटपणाचं एक प्रकरण तळटीपेत जरूर घ्या. २३ फेब्रुवारी २००८ ला पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरच्या अँडरसन या अमेरिकी तळावर बी-२ बाँबर उड्डाण घेतानाच कोसळला. दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ संवेदकांपैकी तिघांत ओलावा शिरला होता. त्याच अवस्थेत त्यांचं कॅलिब्रेशन (आकडे बरोबर येण्यासाठीची जुळणी) झालं, आणि पुढे हीटर लागून ओलावा उडाल्यावर आकडे चुकीचे येऊ लागले. संगणकाला वेग खरा होता त्याहून जास्त दिसला आणि विमानाने नाक वेळेआधी उचललं.

यातली बोचणारी गोष्ट अशी की आधी हीटर लावून संवेदक वाळवायचे आणि मग कॅलिब्रेशन करायचं, ही युक्ती काही तंत्रज्ञांना आधीच्या मुक्कामापासून ठाऊक होती. ती तोंडी राहिली, कार्यपद्धतीत उतरली नाही. तुमच्या संकलनात कोणी "आमच्याकडे असं करायची पद्धत होती" असं लिहिलं असेल तर ते वाक्य कापू नका. दमट तळावरची बरीच विद्या अशीच तोंडी असते.

दवबिंदू:

वाऱ्याचं उत्तर शाळेतल्या भूगोलातच आहे: खारे वारे आणि मतलई वारे. सकाळी जमीन तापू लागते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. सूर्योदयानंतर काही तासांनी हे सुरू होतं आणि दुपारी जोर धरतं. रात्री उलट. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं आणि मागचा वारा सहसा ५ नॉटच्या (ताशी साधारण ९ किलोमीटरच्या) पुढे गेला की दिशा बदलतात. म्हणून सकाळी एका टोकाने आणि दुपारी दुसऱ्या टोकाने उतरणं हे अशा तळाचं घड्याळच असतं.

पण धावपट्टी किनाऱ्याला समांतर असेल, आणि अरुंद बेटांवर ती तशीच असते, तर खारा वारा आडवा येतो. अंदाजाचं गणित सोपं: वारा धावपट्टीशी ३० अंशात असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा, ६० अंशात असेल तर जवळजवळ नव्वद टक्के. २० नॉटचा वारा ६० अंशातून म्हणजे १७ नॉट आडवा. दिशा पालटण्याची वेळ सगळ्यात नाजूक. मतलई वाऱ्याची हवा आणि आत शिरणारी समुद्राची हवा यांची सीमा उतरणीच्या मार्गावर असली तर शेवटच्या मैलात मागचा वारा अचानक समोरचा होतो आणि विमान उचललं जातं. अनुभवी निरीक्षक अशा वेळी दोन्ही टोकांच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्यांकडे बघत असतो. ते दोन उलट दिशांना फुगले की टॉवरला फोन.

धुक्याचं. आतल्या प्रदेशात पहाटे पडतं ते वेगळं, ते वारा सुटला की विरतं. समुद्रावरचं धुकं वाऱ्याबरोबरच येतं. उबदार, ओली हवा थंड पाण्यावरून सरकताना खालून गार होते आणि ढग पाण्यावरच तयार होतो. १५ नॉटच्या वाऱ्यातही ते टिकतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला हार म्हणतात, आणि ल्यूखर्स किंवा लॉसीमाउथ या तिथल्या हवाई तळांवरच्या लोकांच्या लिखाणात हा शब्द भेटेल. आत पाच-दहा किलोमीटरवर ऊन आणि तळावर काही दिसत नाही, हे वर्णन अतिशयोक्त नाही: तापलेली जमीन धुक्याची आतली कड खाते, पण समुद्रातून नवं येतच राहतं. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा) यांतलं अंतर अडीच अंशांच्या आत आलं आणि वारा पाण्यावरून असला की आकाशातल्या विमानांचं इंधन विचारायला घेतात.

बेटावर याचा अर्थ आणखी गंभीर, कारण पर्यायी धावपट्टीच नसते. नागरी नियमांत अशा एकाकी विमानतळासाठी जेट विमानाने पोचल्यावर दोन तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन ठेवायचं असतं, लष्करी उड्डाणांतही विचार तोच. आणि परतीचा शेवटचा बिंदू काढलेला असतो, तो ओलांडला की मागे फिरणं नाही. त्या बिंदूच्या आधी बेटाचा ताजा हवामान अहवाल वैमानिकाला मिळालाच पाहिजे, म्हणून हवामान कार्यालयात रात्रभर दर तासाला माणूस बाहेर जाऊन बघून येतो.

सुरय:

पक्ष्यांचं. भरतीचा तक्ता लागतो कारण चिखलपाणथळीतले पक्षी ओहोटीला चिखलात खातात आणि भरतीने चिखल बुडाला की जवळची मोकळी सपाट जागा शोधतात. धावपट्टीसारखी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. म्हणून पहारा घड्याळावर नसतो, भरतीवर असतो, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

कुरव पक्ष्यांचा त्रास वेगळा. ते शिंपले उचलून उंचावरून डांबरावर टाकतात, फोडायला. त्यामुळे विमान नसतानाही धावपट्टीवर धारदार तुकडे पडत राहतात, टायर कापतात, इंजिनात ओढले जातात. पहाटे झाडू-गाडी फिरायची ती यासाठीही. गवत १५ ते २० सेंटीमीटर उंच ठेवायचं. आखूड गवतात कुरव आणि टिटव्या निर्धास्त बसतात, उंच गवतात त्यांना शेजारी दिसत नाहीत आणि ते थांबत नाहीत. फटाक्याची काडतुसं आणि भयसूचक आवाजाच्या ध्वनिफिती दोन्ही चालतात, पण रोज एकाच जागेवरून एकाच वेळी वाजवल्या तर आठवड्याभरात पक्षी त्यांना जुमानत नाहीत. जागा आणि क्रम बदलत राहावं लागतं.

दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरच्या धावपट्टीचं नावच वाइडअवेक आहे, तिथल्या काजळी सुरय पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलेलं. १९४२ मध्ये अमेरिकी अभियंत्यांनी ती बांधली तेव्हा या पक्ष्यांची प्रचंड वसाहत टोकाशीच होती. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर आल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याचा तोच प्रश्न: अंगाने मोठा, उतरताना बेढब, माणसाला न घाबरणारा. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जुलै, तिथे विमानं रात्री उतरवतात, कारण रात्री बहुतेक पक्षी जमिनीवर बसलेले असतात.

धडक झालीच तर पुसून टाकायच्या आधी पिसं आणि उरलेलं रक्तमांस गोळा करायचं. पिसावरून किंवा डीएनएवरून जात कळली तर त्या जातीचं खाद्य तळावर कुठे आहे ते शोधता येतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत एवढ्याच कामासाठी प्रयोगशाळा आहे.

चुनाविटा:

घरांचं आणि जहाजाचं मी घेतो.

कपाटातला दिवा उजेडासाठी नसतो. पंधरा-पंचवीस वॅटचा बल्ब बंद कपाटातली हवा दोन-चार अंशांनी उबदार ठेवतो, त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता उतरते आणि कपड्यांना, चामड्याच्या बुटांना, कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरत नाही. तळाशी जाळी लावून, कपड्यांपासून वीतभर लांब. आजचे एलईडी दिवे गरमच होत नाहीत, ते या कामाचे नाहीत.

भिंतींना लोणा लागतो तो वेगळा, आणि सिमेंटमधल्या सळईचा गंज वेगळा. लोणा दिसायला वाईट, सळई जिवावर बेतणारी. क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि छताचे ढलपे सुटतात. चूक बहुतेक वेळा बांधतानाच झालेली असते: न धुतलेली समुद्राची वाळू, मचूळ पाण्याने क्युरिंग, किंवा सळईवर पुरेसं आवरण नाही. किनाऱ्यावर ५० मिलिमीटर आवरण हवं. तपासायला हातोडीने छत हलकं ठोकत जायचं. भरीव आवाज ठीक, पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करायची आणि त्याखाली पलंग ठेवायचा नाही.

घरं किनाऱ्यापासून किती लांब आणि किती उंचावर, हा प्रश्न २६ डिसेंबर २००४ नंतर सगळीकडे नव्याने विचारला गेला. त्या दिवशीच्या त्सुनामीत कार निकोबारच्या भारतीय हवाई दलाच्या तळावर शंभरहून अधिक हवाई सैनिक आणि कुटुंबीय गेले. सकाळची वेळ होती, लोक घरात होते. त्या तळाच्या आठवणी संकलनात असतील तर संपादनाचा हात हलका ठेवा.

आता जहाज. धक्का नसलेल्या बेटावर माल होड्यांनी उतरतो, आणि लांबच्या वादळाने उठलेल्या लाटा स्वच्छ हवेतही येऊन थडकतात. असेन्शनवर त्यांना रोलर म्हणतात. वारा नाही, आकाश निळं, पण पायरीला होडी लावता येत नाही. इंधनही तिथे किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या टँकरमधून तरंगत्या नळीने घेतात.

नळीतून आलेलं इंधन लगेच विमानात जात नाही. टाकीत दर मीटर खोलीला साधारण तीन तास थांबायचं, म्हणजे पाणी तळाशी बसतं. मग तळाचा नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यायचा, गोल ढवळायचा आणि भोवऱ्याखाली थेंब किंवा कचरा जमतो का ते बघायचं. पाणी राहिलं तर इंधन आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढते, तपकिरी शेवाळासारखी, आणि ती फिल्टर बुजवते, इंधनमापकाला चुकवते. धावपट्टीचाही हाच हिशोब: खडी, डांबर, यंत्रं सगळं जहाजाने. वाइडअवेकचा पृष्ठभाग खराब झाल्यावर २०१७ मध्ये मोठ्या विमानांना ती बंद झाली आणि दुरुस्ती काही वर्षं चालली.

जुनीपानं:

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन छोटे प्रश्न उरले. लेखकांनी पाठवलेल्या अल्बममधले काही फोटो एकमेकांना आणि काचेला चिकटलेत, काहींवर बुरशी आहे. आणि एकाच तळाबद्दल एक जण धावपट्टी ०८ लिहितो, दुसरा ०९. कोणाचं खरं धरू?

पिटो_स्टॅटिक:

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, जिलेटिनचा थर काचेवरच राहील. आहे तसा काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला असेल तर कोपऱ्यातून बिनचवीचा, मेण नसलेला दात साफ करायचा दोरा घाला आणि करवतीसारखा मागेपुढे सरकवत न्या. बुरशी ओली असताना पुसली तर ती थरात घुसते. आधी सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात काही दिवस वाळू द्या, ती भुकटीसारखी झाली की उघड्यावर, तोंडाला मास्क लावून, मऊ कुंचल्याने झटका. निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा. आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते.

दवबिंदू:

दोघांचंही खरं असू शकतं. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा दहाने भागून. ८४ अंश असेल तर ०८, ८५ च्या पुढे गेली की ०९. पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव सरकत राहतो, त्यामुळे तीच पट्टी काही दशकांनी नवा आकडा घेते आणि टोकाचे पांढरे अंक पुन्हा रंगवावे लागतात. दोन्ही लेखकांची वर्षं बघा, आणि आकडा बदलू नका, शेजारी वर्ष लिहा.